पिचकारीची धार

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी एका पिचकारीपायी चार दिवस खानदेशात हिंडून आलो. लोक विचारतात, ऐन मार्चात तिकडे कशाला गेला होतात? कुणाचं तरी लग्न होतं असं सांगून मोकळं व्हावंसं वाटतं. खरं कारण सांगितलं की समोरचा हसतो, आणि मग मला सगळं पहिल्यापासून समजावून द्यावं लागतं. हल्ली मला त्याचाच सगळ्यात जास्त कंटाळा येतो. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पुण्यात खेळणी बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मी नव्या खेळण्यांची आखणी करतो. माझं खातं म्हणजे खिडकीजवळचं एक टेबल, एक ड्रॉइंग बोर्ड आणि मी. चार वर्षं मी एकाच वस्तूच्या मागे होतो, ती म्हणजे बॅटरीवर चालणारी पिचकारी. चाप ओढला की आत मोटर घुरघुरणार आणि मुलानं हात न दुखवता पाणी वीस फुटांवर मारायचं. कागदावर ते वीस फूट जात होतं. अंगणात अकरा फुटांवर दम लागल्यासारखं खाली पडायचं.

जानेवारीत आमचे मालक परदेशातून तैवानची एक पिचकारी घेऊन आले. माझ्या टेबलापाशी उभं राहून त्यांनी ती समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मारली. कॅलेंडर पार भिजलं. मालक सभ्य माणूस. ते म्हणाले, होळीआधी तिसऱ्या शनिवारी घाऊक व्यापारी माल बघायला येतील, तोवर आपले तीन नग वीस फूट मारणारे तयार झाले तर उत्तम, नाहीतर तैवानहून जुने साचेच विकत आणू. मग या टेबलाचं काय करायचं ते बघू, असंही म्हणाले. ते नेहमी टेबलाबद्दल बोलतात, माणसाबद्दल बोलत नाहीत.

पिचकारीच्या पोटात काय असतं ते थोडक्यात सांगतो. खेळण्यातल्या मोटारगाडीत असते तसली छोटी मोटर, चार पेन्सिल सेलवर चालणारी. तिच्या दांड्यावर चाक, चाकाच्या कडेला एक खुंटी, खुंटीला अडकवलेला दट्ट्या. मोटर फिरली की दट्ट्या शिलाई मशीनच्या सुईसारखा पुढेमागे नाचतो. मागे जाताना टाकीतलं पाणी ओढतो, पुढे येताना नोझलमधून बाहेर ढकलतो. पाणी उलटं फिरू नये म्हणून दोन बारक्या झडपा. सगळ्यात पुढे नोझल, म्हणजे पाणी जिथून सुटतं ते तोंड, त्याला सुई जाईल एवढं भोक. लिहायला पाच-सात ओळी पुरल्या. करायला चार वर्षं गेली, कारण पाणी आणि वीज एका कवचात सुखानं नांदत नाहीत.

पुण्यातल्या साचेवाल्यांनी दोन महिने मागितले. जळगावच्या एका कारखानदारांनी तीन आठवड्यांत कवच, पंप, नोझल सगळ्याचे साचे करून सुटे भाग काढून देतो म्हणून कळवलं. मी ड्रॉइंग पाठवलं, सोबत मराठीत एक पत्र लिहिलं, आणि तीन आठवड्यांनी स्वतः निघालो.

जळगाव, सोमवार

स्टेशनातून बाहेर पडलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि ऊन आमच्याकडच्या बाराच्या उन्हाइतकं कडक होतं. पाठ आखडली होती. रिक्षावाल्यानं एमआयडीसीपर्यंत अख्ख्या रस्त्यात केळीचे भाव सांगितले. मी केळी खात नाही म्हटल्यावर त्यानं मागे वळून माझ्याकडे असं बघितलं की त्यापुढे मी गप्पच बसलो.

कारखाना चौधरीभाऊंचा. चाळिशीचा, भरल्या अंगाचा, मोकळ्या स्वभावाचा माणूस. त्यांचा मुख्य माल म्हणजे शेतातल्या ठिबकचे तुकडे आणि फवारणी पंपाचे भाग. खेळणं त्यांनी आजवर केलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना त्याची भलतीच हौस होती. टेबलावर त्यांनी माझ्या पिचकारीची कवचं मांडून ठेवली होती. मी कबूल करतो, ती पाहून माझा शीण अर्धा उतरला. दोन्ही अर्धुकं एकमेकांत खटकन बसत होती. पाण्याची खोली आणि मोटरची खोली यांच्यामधली भिंत मी आखली होती तशीच सरळ आली होती. खोटं कशाला बोलू, मी ते कवच उचलून गालाला लावलं.

साचे करणारा माणूस भाऊंनी बोलावून घेतला. तोताराम आबा. साठीच्या पुढचे, सडपातळ, डोक्यावर तेलकट टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. भाऊंच्या वडिलांनी कारखाना काढला तेव्हापासून ते टूलरूममध्ये, म्हणजे जिथे पोलाद कापून साचे करतात त्या खोलीत होते. आबांनी खिशातून कागदाची पुडी काढली, उघडली आणि नोझल माझ्या तळहातावर ठेवलं.

मी त्याच्या तोंडावरून सवयीनं बोट फिरवलं आणि बोट कापलं. फार नाही, रक्ताचा एक थेंब आला. मी नोझल उजेडात धरलं. तोंडाच्या कडेला मी आखलेली गोलाई नव्हती. तिथे कुणीतरी चाकूच्या पात्याला करावी तशी कड काढली होती, सगळीकडून सारखी, देखणी. शंभर नोझलं तशीच निघाली होती. लहान मुलाच्या हातात द्यायच्या वस्तूला असली कड.

भाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी आबांना विचारलं, हे काय करून ठेवलं? आबा शांतपणे म्हणाले, "चिठ्ठीत तसंच लिहेल होतं, भाऊ. आकृतीत गोल होतं, पन चिठ्ठी मागून लिहेल असते ना. म्हनून चिठ्ठीचं ऐकलं."

त्या क्षणी मला माझं पत्र आठवलं. अक्षरशः ओळ आठवली, कारण ती लिहिताना मी स्वतःच्या मराठीवर खूश झालो होतो. 'नोझलच्या तोंडाला धार चांगली हवी. धारेच्या बाबतीत कोणतीही तडजोड नको.' मला पाण्याची धार म्हणायचं होतं. पण जो माणूस तीस-पस्तीस वर्षं लेथच्या हत्यारांना धार लावत आला, त्याला पोलादी साच्यासंबंधीच्या पत्रात धार हा शब्द दिसल्यावर त्यानं दुसरं काय समजायचं? मी चिळकांडी लिहिलं असतं तरी भागलं असतं.

भाऊ म्हणाले, मी तर ती न वाचताच तुमच्याकडे दिली होती, कुठे आहे ती चिठ्ठी? आबांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या बोटाकडे बघत होतो.

एवढंच झालं. पण या चार दिवसांतली मुख्य गोष्ट तीच आहे, म्हणून नीट सांगतो. पत्र माझंच होतं, चूक माझीच होती, आणि ते म्हणायला मला एक वाक्य पुरलं असतं. माझ्या डोक्यात आलं, भाऊ हे फोनवर आमच्या मालकांना सांगणार, आणि मग टेबल गेलंच. आणि खरं सांगायचं तर मी इतका थकलो होतो की कुणीतरी दुसऱ्यानं ते ओझं थोडा वेळ धरलं तर बरं, असं मला वाटलं. मी रुमाल काढून बोटाला गुंडाळला.

भाऊंनी आबांना ओरडून काही बोलण्याचा प्रश्न नव्हता, तेवढा मान ते ठेवून होते. ते एवढंच म्हणाले की आबा, आता तुमची नजर राहिली नाही, उद्यापासून तुम्ही बायांच्या शेडमध्ये बसा. त्या शेडमध्ये साच्याच्या फटीतून निघालेल्या प्लास्टिकच्या पापड्या ब्लेडनं कापतात. टूलरूमच्या माणसाला तिथे बसवणं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. आबांनी टूलरूमच्या कपाटाची किल्ली करगोट्यातून सोडवली आणि टेबलावर ठेवली.

नोझलसाठी भुसावळहून एक कारागीर बोलावतो, असं भाऊ म्हणाले. गुरुवारी येईल. तोवर तुम्ही मोटरीचा जोर वाढवायचं काम उरकून घ्या, धुळ्याला एक अक्का आहेत, केसाएवढ्या तारेचं वाइंडिंग त्यांच्याइतकं कुणी करत नाही.

दुपारी भाऊंनी घरी जेवायला नेलं. आमच्याकडे भरीत म्हणजे दह्यात कालवलेलं, ताटाच्या डाव्या बाजूला चमचाभर. इथे तेच जेवण होतं. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेली हिरवी लांबडी वांगी, हिरव्या मिरचीबरोबर ठेचलेली, वर कांद्याची पात आणि तेल, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. ताटात भरिताचा डोंगर होता आणि वहिनी म्हणत होत्या, काहीच घेतलं नाही तुम्ही. एरवी मी तीन भाकऱ्या खाल्ल्या असत्या. भाऊ जेवता जेवता सांगत होते की त्यांना कानस धरायला आबांनीच शिकवलं, वडील गेले तेव्हा आबा आठ दिवस कारखान्यातच राहिले. त्यांना वाईट वाटत होतं आणि ते माझ्याजवळ मन मोकळं करत होते. मी दीड भाकरीवर हात धुतला. उन्हामुळे, असं सांगितलं.

धुळे, मंगळवार

जळगावहून एरंडोल, पारोळा करत एसटी धुळ्याला जाते. वाटेतल्या प्रवासाबद्दल लिहू नये असं मी ठरवलं होतं, पण पारोळ्यानंतरचा प्रकार सांगितल्याशिवाय राहवत नाही. मांडीवरच्या पिशवीत तीन पिचकाऱ्या होत्या, कारखान्यात माझ्या जुन्या गोल तोंडाच्या नोझलांवर जोडलेल्या. त्यातल्या एकीत पाणी राहून गेलं होतं. ते पाझरत स्विचपर्यंत पोचलं आणि पिशवी आपोआप घुरघुरायला लागली. मी चेन उघडेपर्यंत पुढच्या बाकावरच्या पागोटेवाल्या गृहस्थांच्या मानेवर पाणी उडालं. त्यांनी मान पुसली आणि आधी वर एसटीच्या टपाकडे बघितलं. शेजारी मांडीवर गाठोडं घेऊन एक बाई बसल्या होत्या. त्या अगदी शांतपणे मला म्हणाल्या, "दादा, तुमनी पिशवी मुती ऱ्हायनी."

सगळी एसटी हसली. मीही हसलो असतो, पण मला दिसत होतं की चार वर्षांत माझा मूळ रोग बरा झालेला नाही. मोटरच्या कोरड्या खोलीत पाणी शिरतच होतं. चापाला हात न लावता सुटणारी पिचकारी घेऊन मी वीस फुटांच्या गोष्टी करत होतो. धुळ्याच्या स्टँडवर उतरल्यावर एका हवालदारानं पिशवीतून डोकावणारी काळी नळी बघून मला बाजूला घेतलं, ती गंमत तर वेगळीच. त्याला पाणी मारून दाखवावं लागलं. त्यानं अंतर पायांनी मोजलं आणि एवढंच का, असं विचारलं.

धुळ्यात गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. पुण्यात पेठेचं नाव विचारलं की समोरचा आपली जात, गाव आणि ऐपत ताडतो. इथे पाचवी गल्ली म्हटलं की पाचवी गल्ली. मला ते फार आवडलं.

वत्सलाअक्का साठीच्या असतील. घराच्या पुढच्या खोलीत मोटरी, टेपरेकॉर्डर, फवारणी पंप यांची रास होती आणि तिच्यामध्ये पाटावर अक्का, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून. हे काम त्या नवऱ्याकडून शिकल्या आणि आता नवऱ्यापेक्षा चांगलं करतात. हे मला नवऱ्यानंच सांगितलं. ते दाराशी बसून पंप धूत होते.

अक्कांनी माझी मोटर उघडली, सेल लावून अंगठ्यानं दाबून बघितली आणि त्यांचं निदान पाच मिनिटांत झालं. ते मी माझ्या शब्दांत सांगतो. ही मोटर रिकामी फार पळते आणि ओझं आलं की मान टाकते, सेल खाते ते वेगळंच. तार बदलून फेरे वाढवायचे, मोटर हळू फिरेल, पण दट्ट्या पूर्ण भरून ओढेल. मी चार वर्षं तिला आणखी जोरात पळवायच्या मागे होतो. मग त्यांनी दट्ट्यावरची माझी रबराची चकती चिमट्यात धरली. मोठ्या हौसेनं मुंबईहून मागवलेली ती चकती होती. "रबर पाणीमा फुगी जास," अक्का म्हणाल्या. "चामडाना वायसर टाका. तेलमा भिजाडी ठेवा." फवारणी पंपात तसंच असतं. कपाशीवर दिवसभर चालणाऱ्या पंपाला जे पुरतं ते पोरांच्या खेळाला का पुरू नये? झडपांसाठी त्यांनी सायकलची वॉलट्यूब घेतली, ती बारीक रबरी नळी जी हवा आत जाऊ देते, बाहेर येऊ देत नाही, आणि तिचे दोन तुकडे कापून बसवले. मोटरच्या भिंतीतून दांडा जिथे आरपार जातो तिथेही चामड्याची एक टिकली आणि ग्रीस. संध्याकाळपर्यंत पहिली मोटर झाली. मी बहुतेक वेळ त्यांच्या हातांकडे बघत भिंतीला टेकून बसलो होतो. कितीतरी दिवसांनी मला कुणी काही विचारत नव्हतं.

धुळे, बुधवार

दुसऱ्या दिवशी दुपारी वरण-बट्टी होती. गव्हाच्या वाफवलेल्या गोळ्यांचे तुकडे तुपात तळायचे, ते वरणात कुस्करायचे आणि वर पुन्हा तूप. तूप बास म्हणायची पद्धत इथे नाही, ताटावर आडवा हात धरला तर हातावर पडतं. जेवण झाल्यावर तिन्ही पिचकाऱ्या जोडून तयार होत्या. मागच्या अंगणात टाकी भरली, चाप ओढला. मोटरचा आवाज बदलला होता. आधी डास गुणगुणावा तसा होता, आता भुंग्यासारखा जाड. पाणी तेरा फुटांवर पडलं.

मी तसाच दगडी पायरीवर बसलो. मोटर सुधारली, दट्ट्या सुधारला, पाझर थांबला आणि चार वर्षांनी दोन फूट वाढले.

अक्कांनी पिचकारीचं तोंड भिंगाखाली धरलं. मग विचारलं, दुसरं तोंड आहे का? पिशवीत आबांच्या नोझलांची पुडी होती. ती मी का बरोबर घेतली होती ते मलाही माहीत नव्हतं. फेकवली नव्हती, एवढंच. अक्कांनी त्यातलं एक घेतलं, नखावर त्याची कड लावून बघितली, जुनं तोंड काढलं, हे बसवलं आणि पिचकारी माझ्या हातात दिली.

धार सुटली आणि अंगणापलीकडच्या भिंतीवर जाऊन फुटली. मी पुन्हा मारली. काचेच्या कांडीसारखी सरळ, न फाटता जात होती. अक्कांच्या नवऱ्यानं पावलांनी मोजलं, भिंत होती म्हणून एकवीस फूट, नाहीतर पुढे गेलं असतं.

आता लक्षात आलं ते सांगतो. माझ्या ड्रॉइंगमध्ये तोंडाच्या कडेला गोलाई होती, मुलांना लागू नये म्हणून. पाणी बाहेर पडताना त्या गोलाईला चिकटत होतं, कडेनं ओघळत होतं आणि तिथेच धार फाटत होती. पाणी सुटायचं तर कड तीक्ष्ण हवी, म्हणजे त्याला चिकटायला जागाच राहत नाही. इतकी साधी गोष्ट. मी चार वर्षं मोटरीला दोष दिला आणि रोग माझ्या पेन्सिलीनं काढलेल्या त्या गोल रेषेत होता. पत्रातला शब्द चुकला होता आणि आकृतीही चुकली होती. बरोबर काय ते फक्त आबांच्या हातून झालं होतं, आणि त्याचीच शिक्षा म्हणून ते आज पापड्या कापत बसले होते.

अक्कांनी ते नोझल परत भिंगाखाली धरलं होतं. "हाई कोनी बनाडं?" त्यांनी विचारलं. "कारागीर चांगला शे."

मी त्यांना सगळं सांगितलं. पत्र, बोट, किल्ली, सगळं. का सांगितलं कोण जाणे, बहुधा त्या आमच्या मालकांना ओळखत नव्हत्या म्हणून. त्यांनी हातातलं काम न थांबवता ऐकलं.

"मंग तुम्ही सांगी दिधं का त्यास्ले?"

"नाही."

"काबरं?"

मी म्हटलं, फार थकलो होतो.

अक्कांनी भिंग डोळ्यावरून वर कपाळावर सरकवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "थकेल माणूसनी जीभ बी थकस का?" त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, खरोखरच विचारत होत्या. मग त्यांनी उरलेल्या दोन पिचकाऱ्यांची तोंडं बदलून दिली.

जळगाव, गुरुवार

सकाळच्या एसटीत मी भाऊंना काय सांगायचं त्याची चारदा उजळणी केली. आधी पाणी मारून दाखवायचं, मग हळूच पत्राचा विषय काढायचा, असं एकदा ठरवलं. मग वाटलं, हे म्हणजे यश पुढे करून चूक मागे लपवणं झालं. आधी चूक. पिशवी उघडायच्या आधी.

भाऊ ऑफिसात होते. मी उभ्या उभ्याच बोललो. म्हटलं, पत्रात धार मीच लिहिलं होतं. आबांनी लिहिलं होतं तसंच केलं. सोमवारी मला ते ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो.

मला वाटलं, भाऊ आता भडकतील, फोन उचलतील. ते म्हणाले, "अहो, मग सोमवारीच सांगायचं ना. काय मोठं होतं त्यात?"

ओरडले असते तर सोसलं असतं. तीन रात्री मी ज्या गोष्टीला घाबरून पडून होतो तिला भाऊंच्या लेखी काही वजनच नव्हतं, आणि तिच्यासाठी एका म्हाताऱ्या माणसाला मी दोन दिवस खाली बसवलं होतं. भाऊ तेवढ्यात उठून बाहेर गेले. भुसावळच्या कारागिराला येऊ नको म्हणून सांगा, असं कुणाला तरी म्हणाले, आणि किल्ली घेऊन स्वतः बायांच्या शेडकडे चालायला लागले. मी मागोमाग गेलो.

आबा पोत्यावर बसून ठिबकच्या टोप्यांच्या पापड्या कापत होते. बायांनी त्यांच्यासाठी दाराजवळची वाऱ्याची जागा सोडली होती. भाऊंनी किल्ली पुढे केली आणि म्हणाले, आबा, चला, चूक साहेबांची होती. आबांनी हातातली टोपी पूर्ण केली, ढिगात टाकली, मग किल्ली घेतली आणि करगोट्याला बांधली. माझ्याकडे बघितलं नाही, आणि रागही दाखवला नाही.

टूलरूममध्ये मी त्यांना पिचकारी मारून दाखवली आणि अडचण सांगितली. धार अशीच हवी, पण पोराचं बोट किंवा ओठ कडेला लागता कामा नये. आबांनी नोझल बोटांत फिरवलं आणि म्हणाले, "धारेले हात लावू नोका. तिच्याभोवती कडं करू." नायलॉनच्या दांड्यातून लेथवर त्यांनी तीन कडी काढली, नोझलापेक्षा बोटाच्या पेराएवढी पुढे येणारी, आतून पोराचं बोट जाणार नाही एवढीच मोकळी, बाहेरून गोल. ती नोझलावर दाबून बसवली की तीक्ष्ण कड आत खोल राहते. पाण्याला ती लागते, माणसाला नाही. साच्यात हे नंतर घेता येईल, शनिवारपुरती ही तीन पुरेत. चष्म्याची दोरा बांधलेली काडी सावरत ते काम करत होते आणि मी बाजूला उभा राहून त्यांना ब्रशनं तेल देत होतो. ज्याची नजर राहिली नाही म्हणत होते त्या माणसाच्या कड्यात केसाचाही फरक नव्हता.

चार वाजता अंगणात खडूनं रेघ मारली. बाया शेडमधून बाहेर आल्या. पहिला मान भाऊंनी घेतला, त्यांचं पाणी तेवीस फुटांवर पडलं. दुसरा मान आबांच्या शेजारी बसणाऱ्या बाईंनी मागितला आणि त्यांनी सरळ भाऊंच्या शर्टावर नेम धरला. मग रेघबीघ काही राहिली नाही. मी माझं बोट तिन्ही कड्यांच्या तोंडावर दाबून बघितलं. लागलं नाही.

शनिवारचं सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा कुणी विचारेल. व्यापाऱ्यांनी माल घेतला. माझं टेबल राहिलं. तैवानचे साचे आले नाहीत, आणि मालकांनी मला ही कल्पना कशी सुचली असं विचारलं तेव्हा मी आबांचं नाव सांगितलं, ते त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी निघण्याआधी आबा आणि मी नळावर हात धूत होतो. तेलाचे हात, साबण पुरत नव्हता, ते माती लावून धूत होते, मीही लावली. मी म्हटलं, आबा, माझं चुकलं, सोमवारीच बोलायला हवं होतं. ते म्हणाले, झालं ते झालं. मग मला राहवलं नाही. मी विचारलं, भाऊंनी चिठ्ठी मागितली तेव्हा ती हरवली होती का?

"हरवते कशी? माह्याजोयच होती. खिशात."

मग दाखवली का नाहीत? ती दाखवली असती तर तुम्हाला त्या पोत्यावर बसावंच लागलं नसतं.

आबांनी हात झटकले आणि टोपीच्या कडेला पुसले.

"तुमी सांगान म्हनून वाट पाह्यली," ते म्हणाले.